शेठवरचा फिशपॉन्ड

“मॅडम, नाव सांगा, विषय संपेल.” प्रिन्सिपॉल घाम पुसत होते. शेजारी संस्थेचे अध्यक्ष. बिल्डर. अख्खं पनवेल त्यांना शेठ म्हणतं.

“फिशपॉन्ड कुणी टाकला ते सांगायचं नसतं, सर. इतकी वर्षं गॅदरिंग घेतोय आपण!”

फिशपॉन्ड म्हणजे गॅदरिंगला निनावी चिठ्ठीवरून वाचलेल्या दोन ओळी, कुणाची तरी टोपी उडवणाऱ्या. मी इंग्रजी शिकवते. त्या वर्षी टीवायला मध्ययुगीन इंग्रजी कविता होती. त्यातला सटायर, म्हणजे उपहास, भलताच तिखट. मठाधिपती, न्यायाधीश, व्यापारी, एकेका थराला कवी उभं करतो आणि सोलून काढतो. मुलं पेंगत होती. म्हटलं, असं तुमच्या गावावर लिहा. पनवेलजवळच्या विचुंब्याच्या सारिकानं लिहिलं. ही लायब्ररीत काम करून स्वतःची फी भरायची.

देवाला वाहिला कळस, पोरांना वाटली वही,
त्याआधी त्यांच्या बापांची कोऱ्या कागदावर सही.

“गॅदरिंगला टाकू, मॅडम?”

“टाक की!”

वाचल्यावर सगळ्यांत मोठ्यानं शेठच हसले. त्यांना वाटलं, टोला विरोधी पार्टीच्या पुढाऱ्याला आहे. स्वतःचं तोंड कुणाला दिसतंय? दुसऱ्या दिवशी कुण्या चमच्यानं कान भरले आणि शेठ कॉलेजात हजर. नाव कळलं की पोरीचं काम जाणार, हे उघड होतं.

“मीच लिहिलाय,” मी म्हणाले.

“तुमी ठाण्याच्या. तुमाला काय ठाव आमच्या सह्या?”

सारिका दाराबाहेर होती. न विचारता आत आली. “शेठ, मी लिवलाय. सही माझ्याच बापाची हाय. जमीन बी त्याचीच व्हती.”

“तुज्या बापाचा हात मी धरला नव्हता.”

“नाय. पन कागद कोरा होता.”



लायब्ररीतलं काम त्याच दिवशी गेलं. मी भांडभांड भांडले. स्टाफरूममधला एकही माणूस माझ्यामागे उभा राहिला नाही. सेमिनारमध्ये सटायरवर पेपर वाचणारे शूरवीर हे! मला आजही संताप येतो. सारिका परीक्षेला बसलीच नाही.

फिशपॉन्ड अजून होतात. आता आधी प्रिन्सिपॉलना दाखवावे लागतात. पास होतात ते कॅन्टीनवाल्यावरचे, शिपायावरचे. मागच्या वर्षी झाडूवाल्या मावशींवरचा पहिला आला. मावशी मागे खुर्च्या लावत होत्या. त्याही हसल्या. नोकरी टिकवायची तर हसावं लागतं.