मिठाची एकच बरणी
आज आम्ही दोघांनी मिळून केलेल्या घरच्या मिसळीचा रस्सा खारट लागला आणि मला पंचवटीतलं एक छोटं हॉटेल आठवलं. सिन्नरच्या कारखान्यातल्या मशीन्सना आमचं एकच सॉफ्टवेअर होतं आणि चालू होताना ते कधीमधी अडकायचं. त्या दुपारपर्यंत सुधारलं नाही तर ऑर्डर हातची जाणार होती. चालू होतानाच दोन थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधली एकाच वेळी चालणारी दोन कामं, सेटिंग्ज रिकाम्या बघून भरायला धावायची. पाळीनं भराव्यात म्हणून मी कोडमध्ये कुलूप घातलं होतं, म्हणजे एका वेळी एकच थ्रेड आत जाईल; तरी त्या दोनदा भरल्या जायच्या आणि सगळं अडकायचं. वैतागून मिसळ खायला बसलो आणि मालकीणबाईंना म्हणालो, "कालचा रस्सा खारट होता." त्या म्हणाल्या, "काल मी पण मीठ टाकलं, ह्यांनी पण. मीठ पडलं की पातेल्याचं झाकण उलटं ठेवतो आम्ही. पण दोघांनी आधीच सुलटं बघून ठेवलेलं. आता ठरवलंय, आधी बरणी हातात घ्यायची, मग झाकण बघायचं. बरणी एकच आहे ना." माझा पाव रश्श्यातच राहिला. मीही सेटिंग्ज रिकाम्या आहेत का ते कुलूप लावायच्या आधी बघत होतो, लावल्यावर पुन्हा बघतच नव्हतो. तिथूनच कारखान्यातल्या सहकारी मैत्रिणीला फोन लावला, "ती तपासायची ओळ कुलपाच्या आत घे." अर्ध्या तासात तिचा फोन आला, "चाळीस वेळा चालू केलं, एकदाही अडकलं नाही रे." मी भर हॉटेलात टेबलावर थाप मारली आणि आणखी एक मिसळ मागवली. आज बायकोला हे सगळं रंगवून सांगत होतो, तेव्हा तिनं शांतपणे ओट्याकडे बोट केलं. आमच्याकडे मिठाच्या बरण्या दोन आहेत.