तोरणाखाली पिकअप

लोण्यात कालवलेल्या हळदीचा वास आला की मला डिझेल आठवतं. कापसानं सलग दगा दिला त्या वर्षांत बाबांनी बैलजोडी विकली आणि भाडी मारायला एक जुनी पिकअप आणली. ती घरी कमी, नेरच्या गॅरेजात जास्त असायची. आज डिझेल पंप, उद्या क्लचप्लेट. "भाऊ, हे कंपनीच बेकार हाय, विकून टाका," असं मिस्त्री म्हणाला, तर बाबा भडकले, "कंपनी चांगली हाय, तुहा पानाच खराब हाय!" आजोबांनी शेवटपर्यंत त्याच कंपनीची जीप चालवली होती, त्यामुळे विषय तिथंच संपायचा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी जू ओढून दुखावलेले बैलांचे खांदे हळद-लोणी चोळून शेकतात, तसं बाबांनी ते गाडीच्या बंपरला चोळलं. दुसऱ्या दिवशी विकलेल्या बैलांची झूल बोनेटवर टाकून ते पोळ्याला निघाले आणि गावातले सगळे बैल ज्याखाली उभे करतात ते आंब्याच्या पानांचं तोरण समोर दिसत असतानाच गाडी बंद पडली. बैल धरून उभे असलेले सगळे हसले. शेजारच्या काकांनी त्यांची नवी, दुसऱ्या कंपनीची पिकअप पुढे आणून दोर काढला. "कायले जीव काढून राह्यले? बांधा, ओढून नेतो." "माही गाडी त्या गाडीच्या मागं येनार नाई," म्हणत बाबांनी मागून खांदा लावला. आईनं पदर खोचला, मीही धावलो, आणि चिखलातून ढकलत आम्ही ती तोरणाखाली उभी केलीच. घरी आल्यावर आईनं उरलेलं हळद-लोणी बाबांच्या खांद्याला चोळलं. आज माझी पिकअपही त्याच कंपनीची आहे, तीही जुनीच. हळद-लोणी घरात असतंच.