धान्याच्या खोलीतला राणीहार

तो सेट माझ्यामुळे काळा पडला. सहा वर्षं झाली, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. देवासमोर हात जोडतानासुद्धा मनातल्या मनात हे वाक्य मी कधी पूर्ण होऊ दिलं नाही. माझं बोलणं मुळातच कमी. याच्या तोंडातून शब्द काढायचा तर पक्कड लागते, असं घरात सगळे म्हणतात. त्या न बोलण्याचा मला त्या वेळी फार उपयोग झाला.

सेट म्हणजे नवरीच्या दागिन्यांचा. रिठदपासून थोडं आत आमचं गाव आहे. माझी बायको लग्नासाठी एक ग्रॅमचे दागिने भाड्यानं देते. हल्ली लग्नात मंगळसूत्राचे मणी सोन्याचे असले तरी खूप झालं. राणीहार, ठुशी, बाजूबंद, कमरपट्टा, बिंदी, नथ, सगळं तांब्या-पितळेवर सोन्याच्या पॉलिशचं. फोटोत मात्र नवरी भरलेली दिसते. बायकोनं हे काम दोन सेटवर सुरू केलं आणि पुढं एक लोखंडी कपाट त्यानंच भरलं.

तिची जपणूक बघण्यासारखी असायची. सेट परत आला की ती पलंगावर जुनं धोतर अंथरायची आणि एकेक नग कोरड्या मलमलीनं पुसायची. खड्यांच्या फटीतला घाम, पावडर, कुंकू मऊ ब्रशनं झाडायची. पाणी लावायचं नाही. पंख्याखाली घटकाभर ठेवायचं, उन्हात नाही. मग प्रत्येक नग वेगळ्या झिपच्या पिशवीत, तळव्यानं दाबून हवा काढून. दोन नग एकमेकांना घासले की पॉलिश जातं, म्हणून एका पिशवीत दोन कधीच नाहीत. डब्यात शाळेतून आणलेले पांढरे खडू टाकायची, कारण खडू ओल ओढतो. बुटांच्या खोक्यात येतात त्या बारक्या पुड्याही गल्लीतली पोरं तिला आणून द्यायची. कापसात गुंडाळलेलं तिला चालायचं नाही. कापूस ओल धरतो, म्हणायची.

मी चिडवायचो, "अवं, माह्या सोयाबीनलेही एवढी पथारी नाई भेटत."

"तुमचं सोयाबीन कोनी गळ्यात नाई घालत," ती मान वर न करता म्हणायची.

त्या उन्हाळ्यात वाडीवरची एक बाई तिच्याकडे आली. पावसाळ्यात ती आमच्याच शेतात निंदायला यायची आणि दिवाळीनंतर नवऱ्यासोबत ऊसतोडीला जायची, ती उन्हाळ्यातच परतायची. माझ्या बायकोहून दोन-तीन वर्षांनी मोठी, बोलायला धारदार. तिच्या थोरल्या पोरीचं लग्न ठरलं होतं. बायकोनं तिच्यासमोर नवा, अजून कुणाला न दिलेला सेट उघडला. बाईनं आधी हात पदराला पुसले, मग राणीहार उचलला.

"वहिनी, लय झाक दिसून राह्यला वो हा. पोरीच्या सासूचे डोये दिपतीन."

"दिपू दे. पन हळदीत घालू नको पोरीले. अन् स्प्रे, पावडर आधी. दागिना सगळ्यात शेवटी."

"अन् घामाचं काय करू? मे महिन्यात पोरीले फ्रिजात उभी करू काय?"

दोघी खूप हसल्या. मीही ओसरीवर बसून हसलो. त्या दोघींचं एकमेकींशी शेवटचं हसणं ते.

लग्न झालं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ती सेट घेऊन आली. बायको घरी नव्हती. धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी ती वाशिमला गेली होती, पंधरा दिवसांसाठी. मी म्हटलं, ठेवून दे. पण बाई ऐकेना.

"नाई भाऊ. उघडून पाहून घ्या. मंग म्हनान असं झालं अन् तसं झालं."

मी ओसरीवर बसून एकेक पिशवी उघडली. सगळं पुसलेलं होतं. बायकोनं शिकवलं तसं प्रत्येक नग वेगळा होता, आणि खडूचे तुकडेसुद्धा होते. राणीहार मी उचलून उन्हात धरला. तो नव्यासारखा पिवळाजर्द होता. "बरं हाये सगळं," मी म्हणालो. हे शब्द मी मोठ्यानं म्हणालो होतो. ती समाधानानं गेली.

कपाटाची किल्ली बायकोजवळ होती. घरात कुलूप लागणारी दुसरी जागा म्हणजे धान्याची खोली, म्हणून पिशवी मी तिथं फळीवर ठेवली. त्याच दुपारी मला तिथल्या गव्हाला आणि हरभऱ्याला गोळ्या लावायच्या होत्या. भुंगा लागला होता. या गोळ्यांचा गॅस होतो, खोली आठ दिवस बंद ठेवावी लागते. गोळ्या पोत्यांमध्ये ठेवल्या, ताडपत्री टाकली, दाराच्या फटींना कागद चिकटवले.

पिशवी तिथं आहे हे मी विसरलो, असं म्हणणं सोपं आहे. पण मी विसरलो नव्हतो. कागद चिकटवायच्या आधी ती मला फळीवर दिसली होती. आणि त्या गॅसनं तांबं काळं पडतं हेही मला ठाऊक होतं. लग्नाआधी मी दोन वर्षं एका कृषी केंद्रात कामाला होतो. तिथल्या गोदामात दिव्याच्या वायरची तांब्याची टोकं काळी ठिक्कर झाली होती, आणि वायरमननं ती मला हातात देऊन दाखवली होती. तरी मी म्हटलं, प्लास्टिकमध्ये तर आहे, काय होतं. दोन पावलं आत जाऊन पिशवी उचलायचा कंटाळा केला.

आठ दिवसांनी खोली उघडली, दिवसभर वारं लागू दिलं आणि पिशवी बाहेर काढली. राणीहार पुढून, मागून, कड्यांच्या आतून सारखा काळा होता. कमरपट्टा तसाच. नुसत्या मोत्यांचे दाणे तेवढे पांढरे राहिले होते. मी अंगठ्यानं घासून पाहिलं. काही निघालं नाही.

मी सगळं परत भरलं आणि पिशवी कपाटासमोर नेऊन ठेवली. जणू ती पहिल्या दिवसापासून तिथंच होती.

बायको आली. तो सेट पुढच्या आठवड्यात एका घरी जायचा ठरलेला होता. तिनं पिशवी उघडली आणि मला हाक मारली. मी गेलो तेव्हा ती हार नाकाशी धरून बसली होती.

"लसनाचा वास येऊन राह्यला. सैपाकाच्या हातानंच धरलं वाटते तिनं. अन् हळदीत घातलं. तुमी पाह्यलं होतं का उघडून?"

त्या गोळ्यांनाच लसणासारखा वास असतो.

"नाई," मी म्हणालो. "तिनं देल्लं, मी ठेवलं."

त्या क्षणी खरं बोललो असतो तर काय झालं असतं? चार दिवस अबोला, सोयाबीनवरून चार टोमणे. इतकंच. पण तिच्या जपणुकीला मी इतकी वर्षं हसत आलो होतो, आणि तिच्या हातचा सगळ्यात चांगला सेट माझ्या आळसानं गेला होता. ते तिच्या तोंडावर कबूल करणं मला जमलं नाही. त्यात माझ्यासमोर एक तयार नाव होतं, आणि ते नाव असलेली बाई तिथं नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोनं तिला बोलावून घेतलं. ओसरीवर गल्लीतल्या दोघीजणी भाचीच्या लग्नासाठी सेट पाहत बसल्या होत्या. बायकोनं त्यांच्यासमोरच काळा हार पुढं केला.

"हे काय केलं वो बाई? सांगतलं होतं ना, हळदीत घालू नका म्हनून?"

बाईनं हार पाहिला. तिला आधी खरंच कळलं नाही. "हा माह्या पोरीचा? नाई वहिनी. मी चांगला आनून देल्ला."

"मंग काय कपाटासमोर ठेवल्या ठेवल्या काळा पडला?"

"कायले खोटं बोलू मी? भाऊले इचारा. भाऊनं एकेक उघडून पाह्यलं. उन्हात धरून पाह्यलं हा हार. 'बरं हाये' म्हने." ती माझ्याकडे वळली. "सांगा ना भाऊ."

चौघीजणी माझ्याकडे पाहत होत्या. मी फवारणीचा पंप धूत होतो. हात थांबवले नाहीत.

"मले नीट आठवत नाई," मी म्हणालो.

"आठवत नाई? बारा दिस झाले भाऊ. बारा वर्सं नाई झाले."

मी पंपात पाणी ओतत राहिलो. ती ओरडली असती, रडली असती तर बरं झालं असतं असं मला आज वाटतं. तिनं पदर नीट केला, चपला घातल्या आणि गेली. तिच्या पाठीमागं बायको त्या दोघींना म्हणाली, "पाहा बाप्पा. माह्या मानसावरच आनून राह्यली."

आमच्याकडे बातमीला वेळ लागत नाही. निंदणाच्या बायकांनी तिचं नाव काळ्या हारावाली ठेवलं. पुढच्या पावसाळ्यात ती आमच्या शेतात आली नाही. मजुरांचा ट्रॅक्टर आमच्या वावराकडे वळणार असं कळलं की फाट्यावरच उतरायची. पोरीच्या सासरीही गोष्ट पोचली. तिची नणंद तिला घरातली वाटी देतानासुद्धा म्हणायची, "चांगली देऊन राह्यली, पाहून घे." हे मला माझ्याच बायकोनं सांगितलं, आणि सांगताना तिला वाईट वाटत होतं. तरी तिनं वाडीवर सेट देणं बंद केलं ते केलंच.

आणि तो हार तिनं टाकला नाही. वेगळ्या पिशवीत ठेवला. सेट न्यायला येणाऱ्या प्रत्येक घराला आधी तो दाखवते. सांगितलेलं ऐकलं नाही की असं होतं, म्हणते, आणि मग ती सगळी गोष्ट. दर मोसमात माझं खोटं माझ्या घरात तिच्या तोंडून नव्यानं सांगितलं जातं. तिला वाटतं ती खरं सांगते आहे.

एकदा मी निघालो होतो. त्याच वर्षी दिवाळीनंतर मोटरसायकल काढून वाडीवर गेलो. तिच्या दाराला कुलूप होतं. शेजारची म्हातारी म्हणाली, टोळी परवाच गेली. मला हायसं वाटलं. परत येताना फाट्यावर चहा प्यालो, भजी मागवली, आणि चवीनं खाल्ली. उन्हाळ्यात ती परत आली तेव्हा मी गेलो नाही. त्या भज्यांची मला अजून लाज वाटते.

या उन्हाळ्यात आमच्या घरी नवी सून आली आहे. बायको तिला हे काम शिकवते. काळा हार सुनेनं हातात घेऊन उलटापालटा केला. ती विज्ञान शिकलेली आहे. "आई, घामानं तर ठिपके पडतात. हा मागूनही सारखाच काळा कसा?"

"असंच असते," बायको म्हणाली. मी उठून गोठ्यात गेलो.

गेल्या आठवड्यात फाटकाशी एक पोरगी आली. लग्न ठरलंय, सेट पाहिजे म्हणाली. गाव विचारलं तर वाडी. बायकोनं तिला ओळखलं नाही, मी ओळखलं. नाक, कपाळ, उभं राहणं, सगळं तिच्या आईचं. बायको आतून तो हार घेऊन आली.

"वाडीवर मी देत नाई बाई. हे पाय. एकीनं असा करून आनला."

पोरीनं हाराला हात लावला नाही. "ते माह्या मायनं नाई केलं," ती म्हणाली. "माय मले येऊ नको म्हने. मीच आली. म्हटलं, आता तरी इसरल्या असान."

बायकोनं पुढं केलेला हार मागं घेतला. पोरगी माझ्याकडे पाहत होती. तिच्या आईनं घरात काय सांगितलं असेल, ते तिच्या डोळ्यांत होतं. मी तेव्हाही गप्प राहिलो. ती ऊन डोक्यावर घेऊन पायी परत गेली.

हे मी त्यानंतर लिहायला घेतलं. बायकोनं अजून वाचलेलं नाही. आधी तिला सांगायचं आहे, आणि तिचा माझ्यावरचा विश्वास त्यानंतर किती उरेल हे मला माहीत नाही. पण लिहिलं म्हणून सांगून झालं असं मी धरत नाही.

ती बाई सध्या वाडीवरच आहे. धाकटीचं लग्न व्हायला दोन आठवडे आहेत. तिच्या दारात जाऊन, माझ्या बायकोसमोर आणि त्या दिवशी ओसरीवर बसलेल्या दोघींसमोर, मी तिला एवढं सांगण्याचं देणं लागतो: तू सेट चांगला आणून दिला होतास, मी तो उघडून पाहिला होता, मला सगळं आठवत होतं, आणि तो काळा मी केला.