मनुबाईचा गोरा कोळी

कोपरीच्या मासळीबाजारात मनुबाईशी घासाघीस करायला भलेभले कचरतात. तिच्या पाटीतल्या बोईटाला कुणी चुकून शिळं म्हणालं, तर त्याने पुढचे चार दिवस बाजाराच्या दुसऱ्या दाराने जावं हे उत्तम. अशा बाईचा जीव इंग्लंडच्या एका नटावर जडलाय, हे बाजारात कुणाला सांगून पटायचं नाही.

नटाचं नाव टॉम पेनरिक. साठी उलटलेली, नाक बसकं, केस पिंजारलेले. नात प्राप्तीने एका ब्रिटिश मालिकेत त्याला पहिल्यांदा दाखवलं. मालिका समुद्रकाठच्या गावातल्या एका कोळ्याची. मनुबाईला इंग्रजीचा गंध नाही. गोष्ट प्राप्ती सांगायची, मनुबाई फक्त त्याचे हात बघायची. गडी बोलता बोलता, खाली न बघता मासा साफ करत होता.

"हा नट नाय, कोलीच हाय," तिने निकाल दिला. तेव्हापासून दुपारी जेवणं आटोपली की टीव्ही तिचा.

घरात दुखणं एकच होतं. होडी विकल्यापासून तिचे यजमान, दाजी, ओटीवर नुसते बसून असायचे. जाळं विणायची सुई त्यांनी माळ्यावर टाकली ती टाकलीच. शेजारचा रतन अजून खाडीत जातो. त्याने शिवायला दिलेलं फाटकं जाळं दोन महिने ओटीवर पडून होतं, पण दाजी तिकडे ढुंकूनही बघत नव्हते. बसून बसून हा माणूस हातचा जाईल, ही धास्ती मनुबाईला आतून खात होती.

एका दुपारी दाजी पाणी प्यायला आत आले. पडद्यावर पेनरिक जाळं शिवत होता. दाजी थबकले.

"गाठ चुकली त्याची. मासा लागला की सुटंल."

मनुबाईच्या ओठांवर उत्तर आलं होतं. हा भाग तिने तीनदा पाहिला होता. गोष्टीत त्या कोळ्याचा मुलगा बुडालाय, दुःखाने त्याची बोटं बधिर झालीत, म्हणून गाठ चुकते. मुद्दाम चुकवतो तो! आणि अशी चुकवायला आधी नीट यावी लागते, म्हणून तर ती त्याच्यावर एवढी फिदा होती.

पण ते गिळून ती म्हणाली, "तुमी लय शाणं! वरीस झालं सुई धरली नाय, तुमाला तरी जमंल काय?"

झालं. दाजींनी स्टूल ओढलं, माळ्यावरून सुई काढली आणि रतनचं जाळं मांडीवर घेतलं. पहिल्या दोन गाठी अडखळल्या, मग बोटं चालू लागली. चहा गार झाला तरी ते उठले नाहीत. मनुबाई आत जाऊन पदराने डोळे पुसून आली.

मग रोज विणता विणता त्या गोऱ्याचा उद्धार सुरू झाला. "हात हायेत का पाय!" मनुबाई मुकाट ऐकून घ्यायची. तिच्या आयुष्यात एवढं मुकाट तिने कुणाचंच ऐकलं नव्हतं.

"आजी, आजोबांना सांगू का खरं?" प्राप्तीने विचारलं.

"खबरदार! जालं पुरं होवंदे."

बाराव्या दिवशी रतन जाळं खांद्यावर टाकून गेला. मनुबाई बाजारातून आली तेव्हा दाजी फडक्याने सुई पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "तो तुझा गोरा. पुढच्या भागात मारतो बग गाठ. एकदम बराबर."

मनुबाई रिकामी पाटी घेऊन दारातच उभी राहिली. "तुमी कवा बगितला?"

"तू बाजारात गेलीस की," दाजी म्हणाले. "रोज."