बसवकल्याणची होस्टा आणि तिचं राहून गेलेलं बारसं

लोक बसवकल्याणला किल्ला बघायला जातात, अनुभव मंडप बघायला जातात, किंवा मग पत्रिका आली म्हणून जातात. मी एका कुंडीला भेटायला गेले. प्रवासाच्या ब्लॉगवर हे लिहिणं शोभत नाही, पण कारण खरं आहे.

दिगंबरअण्णा माझे मावसभाऊ. बसवकल्याणच्या हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झाले. डिसेंबर संपता संपता त्यांचा सोलापूरला फोन आला.

"वंदे, माझ्या होस्टाची नवीन जात निघाली. पानावर अशी नक्षी कुठंच न्हाई. तू वनस्पतीशास्त्र शिकवायलीस न्हवं? ये आन् शास्त्रशुद्ध वर्णन लिहून दे."

आमच्या नात्यात माझ्या विषयाला एवढा मान पहिल्यांदाच मिळत होता. एरवी मला 'तुळशीला मुंग्या कामून लागतात' यापलीकडे कुणी काही विचारत नाही. मी रजा टाकली.

होस्टा माहीत नसलेल्यांसाठी थोडं सांगते. हे जपान-चीनकडचं सावलीतलं झाड. फुलं येतात, पण लोक हे झाड पानांसाठी लावतात. हिरव्या पानाला पांढरी किंवा पिवळी किनार असली की शौकिनांचा जीव खालीवर होतो. तिची अट एकच: वर्षातून काही आठवडे कडाक्याची थंडी, त्या काळात ती जमिनीखाली झोपते. बसवकल्याणला बर्फ फक्त उसाच्या रसात मिळतो. अण्णांनी त्यावर गणिताच्या शिक्षकाला शोभेल असा उपाय काढला होता आणि कॅलेंडर उलटं केलं होतं. मार्च संपला की गड्डे उकरायचे, ओल्या कागदात गुंडाळायचे आणि फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवायचे. पाऊसकाळ सरला की बाहेर. तालुक्यातली माणसं चाळीस-बेचाळीस डिग्रीत भाजत असताना अण्णांच्या होस्टा गार पडून असतात, आणि सुमनवैनींची कोथिंबीर ओट्यावर वाळते.

निघाले. सोलापूर ते उमरगा एसटी, सरळ हायवे, तक्रार करायला जागा नाही. उमरग्याला बस बदलायची. महाराष्ट्रात बाईमाणसाला अर्धं तिकीट. सीमा ओलांडली की कर्नाटकातल्या बायकांना अख्खा प्रवास फुकट. कंडक्टरनं माझं आधार कार्ड हातात घेतलं, सोलापूरचा पत्ता वाचला आणि हळहळून म्हणाला, "अक्का, तुम्ही तिकडच्या. टिकेट तगोरी." म्हणजे तिकीट घ्या. तेव्हा सीमेवरच्या प्रवासाचं नियोजन करणाऱ्या भगिनींनो, फायदा कुठं संपतो ते आधी बघून घ्या. माझ्या शेजारच्या बाई फुकट बसल्या होत्या आणि वर खिडकीही त्यांनाच होती.

जानेवारीत हा भाग बघण्यासारखा असतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर कापून ठेवलेली, मधूनमधून ज्वारी, आणि जिथे डांबर जरा बरं आहे तिथे कुणीतरी हमखास शेंगा वाळत घातलेल्या. खड्डे मात्र मोकळे सोडले होते, गाड्यांसाठी.

अण्णा फाट्यावर स्कूटर घेऊन उभे होते. घरी पोचल्यावर चहाच्या आधी मला मागच्या खोलीत नेलं. शहाबादी फरशीची खोली, खिडक्यांना ओली पोती, कोपऱ्यात कूलर. जानेवारीत कूलर चालू असलेलं घर मी पहिल्यांदाच बघत होते. वीस-पंचवीस कुंड्या, आणि मधल्या पाटावर ती.

"बघ," अण्णा म्हणाले आणि बाजूला सरकले.

पान पोपटी-पिवळं, तळहाताहून मोठं. त्यावर शिरांच्या कडेनं गडद हिरवा रंग उतरलेला, नदीच्या नकाशासारखा. सुंदर होतं, यात वाद नाही. अण्णांनी स्वतः एका होस्टाचे पराग दुसरीच्या फुलावर ब्रशनं लावले होते. त्या बियांतून आलेली रोपं एकामागून एक मेली आणि हे एकटं जगलं. आधी नुसतंच पिवळं होतं, ते मोठं झाल्यावर अण्णांनी गड्डा कापून विभागला, त्यानंतर ही नक्षी आली.

"तीन वर्षं झाली, जाईना ती नक्षी. दरवर्षी जास्तच," ते म्हणाले. "नाव बी ठरलंय. कल्याणचांदणी. उद्या दुपारी हैदराबादचा नर्सरीवाला यायलाय. तो प्रयोगशाळेत हिच्यापासून हजारांनी रोपं करणार. त्याला वर्णन पाहिजे, तुझ्या सहीचं."

रात्री कडक भाकरी, पुंडीची म्हणजे आपल्या अंबाडीची भाजी, शेंगाचटणी. या जेवणासाठी कुणी सीमा ओलांडून पूर्ण तिकीट काढलं तर मी त्याला हसणार नाही. जेवताना अण्णा अखंड बोलत होते. कॉलनीत त्यांना 'फ्रिजवाले सर' म्हणतात, हे वैनींनी हळूच सांगितलं. त्यावर अण्णा म्हणाले, "म्हणू दे की. उद्या कल्याणचांदणीवाले म्हणतील." मी पुंडीची भाजी परत घेतली. मघाशी पानाकडे बघताना मनात काहीतरी खटकलं होतं, पण भरल्या ताटावर असलं काही बोलू नये, हा विचार मला फार सोयीचा वाटला.

सकाळी उजेडात वर्णन लिहायला बसले. नव्या जातीचं वर्णन म्हणजे कविता नसते. पान किती लांब, किती रुंद, शिरांच्या जोड्या किती, पृष्ठभाग कसा, कोणता रंग कुठून कुठं जातो. अण्णा पट्टी धरून आकडे सांगत होते, मी लिहीत होते. लांबी झाली, रुंदी झाली, शिरा झाल्या. पृष्ठभागापाशी माझा हात थांबला.

खरी रंगीत नक्षी असते ना, ती पानात मुळातच विणलेली असते. तिची कड स्वच्छ असते, बोट फिरवलं तर पान सगळीकडे सारखं लागतं. इथे हिरवा रंग शिरांतून बाहेर झिरपला होता, ओल्या कागदावर शाई फुटावी तसा, आणि तेवढ्याच जागी पान चुरगळल्यासारखं होतं. मी उठून बाकीच्या कुंड्या बघितल्या. आणखी दोन जुन्या झाडांवर तसेच फिकट ओघळ होते. अण्णांनी ते बघितले नव्हते. मधल्या पाटावरून त्यांची नजर हलतच नव्हती.

"अण्णा, गड्डे कापायला चाकू कोणता वापरता?"

"हा काय. हिचा कांद्याचा जुना. कामून?"

"सगळ्या कुंड्यांना हाच?"

"मग काय, दर कुंडीला येगळा चाकू घेऊ व्हय?"

होस्टाला एक विषाणू लागतो. रसातून पसरतो, म्हणजे चाकूतून. तो झाडाला लगेच मारत नाही, आधी पानावर नक्षी काढतो. परदेशात अशाच रोगट झाडांना नव्या जाती समजून नावं दिली गेली, ती विकलीही गेली, आणि पुढं उमगलं की आपण कौतुकानं रोग वाढवला. हे मी वाचलेलं होतं. मावसभावाच्या तोंडावर सांगण्याचा सराव मात्र नव्हता.

"अण्णा," मी म्हणाले, "मला वाटतं ही नक्षी तिची नाही. आजाराची आहे."

अण्णांनी पट्टी खाली ठेवली.

"सोलापूरहून हे सांगायला आलीस व्हय?" ते म्हणाले आणि बाहेर निघून गेले.

वर्णनाचा कागद तिथंच राहिला, पृष्ठभागापर्यंत आलेला. मी किल्ल्यावर जाऊन येते म्हणाले आणि खरोखर गेले. किल्ला भव्य आहे, बुरूज उत्तम आहेत, आणि डोक्यात एक चुरगळलेलं पान असेल तर त्यातलं काहीही दिसत नाही. वेळ आणि मन दोन्ही घेऊन जा.

दुपारी नर्सरीवाले आले. मोठी गाडी, उस्मानिया बिस्किटांचा डबा, आणि आल्या आल्या कल्याणचांदणीचे फोटो सगळ्या बाजूंनी. अण्णा अजून घुश्श्यात होते, तरी माझ्याआधी त्यांनीच सांगून टाकलं, की ही बहीण रोग म्हणायलीय. पाहुण्याचा चेहरा जराही हलला नाही. उलट त्यांनी मला समजावलं.

"मॅडम, लोगां पत्ता देखते, रिपोर्ट नै देखते. पत्ता बेचना है, खाना थोडी है. आप बस लिख देव. कार्ड पे मास्टरसाब का फोटो डालतौं."

म्हणजे माणसाला सगळं ठाऊक होतं. मला त्यांच्या प्रामाणिकपणाचं कौतुकच वाटलं. इतक्या निर्मळ मनानं लबाडी करणारी माणसं आता कमी झाली आहेत.

मी लिहिणार नाही म्हणाले; कलबुर्गीला माझ्या ओळखीची तज्ज्ञ आहे, आधी तिला दाखवू. ते हसून म्हणाले, कोई बात नै, हैदराबादला लिहून देणारे खूप आहेत, सरांनी कुंडी तेवढी द्यावी. सगळे अण्णांकडं बघू लागले. त्यांचा हात पाटावरच्या कुंडीच्या काठावर होता, आणि त्या क्षणी ते काय म्हणतील, मला खरंच सांगता आलं नसतं. कार्डावर फोटो, पानाला गावाचं नाव, आणि 'फ्रिजवाले सर' म्हणणाऱ्या कॉलनीला एकदाचं उत्तर. हे सगळं फक्त एका 'बरं' वर अडलं होतं.

वैनी चहा घेऊन आल्या होत्या. कप ठेवता ठेवता त्यांनी अण्णांनाच विचारलं, "दुखणं लपवून पोरगी सोयरिकीला दाखवतेत व्हय? सासरी गेल्यावर कळलं तर कुणाला बोलतील?"

अण्णांनी काठावरचा हात काढला. "आज नै, साब," ते पाहुण्याला म्हणाले. "पैले कलबुर्गी जाके दिखाके आते."

पाहुण्यांनी चहा संपवला, बिस्किटांचा डबा मात्र परत गाडीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी आणि अण्णा कलबुर्गीला निघालो. रस्त्याबद्दल एवढंच सांगते की तो आहे, अधूनमधून. अण्णांनी मांडीवर स्टीलचा डबा धरला होता. ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एक पान आत. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "अप्पा, डब्यात काय हाय?" अण्णा म्हणाले, "पेशंट." म्हाताऱ्यानं पाय आखडून घेतले आणि पुढं कलबुर्गीपर्यंत आम्हाला ऐसपैस बसता आलं.

माझी वर्गमैत्रीण शैलजा तिथल्या एका कॉलेजात झाडांचे रोग शिकवते. तिनं पान उजेडावर धरलं, भिंगाखाली घेतलं, उलटं केलं. "मलापण तोच विषाणू वाटायलाय," ती म्हणाली, "पण नुसतं बघून मी निकाल देत नाही. बेंगळुरूला ओळख आहे, तिकडं पाठवते. तोवर एकाही कुंडीला चाकू लावू नका."

अण्णांनी विचारलं, औषध आहे का. नाही. गड्डा गरम पाण्यात बुडवून? नाही. चांगला भाग तेवढा ठेवला तर? तो रसात आहे, सर, सगळीकडे आहे. आणि हिची बी? बी कधी कधी स्वच्छ निघते, पण हिला तर अजून एकदाही बी धरली नव्हती. ही उत्तरं देताना शैलजा त्यांच्याकडं बघत नव्हती. मी पण जिन्याकडं बघत होते. तोपर्यंत या सगळ्या प्रकरणाची माझ्या मनात एक चुरचुरीत पोस्ट तयार होत होती. 'फ्रिजमधल्या झाडाची गोष्ट' वगैरे. ती तिथं थांबली. दवाखान्याच्या व्हरांड्यात माणसं असंच विचारतात, एकामागून एक, हळू आवाजात.

परत जायला मला कलबुर्गीहूनच गाडी सोयीची होती. स्टेशनजवळ चुरमुऱ्यांचा सुसला आणि मिरची भजी खाल्ली. स्वस्त, तिखट, आणि कुणीही नाक मुरडू नये अशी. अण्णांनी माझ्या प्लेटमधलं एकच भजं घेतलं. फलाटावर ते म्हणाले, "तू आली न्हसतीस तर?"

"तर तुम्ही प्रसिद्ध झाला असता."

"व्हय," ते म्हणाले. रागानं नाही.

सोलापूरला आल्यावर लोकांनी विचारलं, कसं आहे बसवकल्याण. मी सांगितलं: जानेवारीत जा, जेवण घरगुती मिळालं तर सोडू नका, किल्ल्याला अर्धा दिवस द्या, आणि कुणाच्या घरी मागच्या खोलीत कूलर चालू दिसला तर कुणाचं तरी वेड तिथं नीट सांभाळलेलं आहे असं समजा. हे सगळं खरं आहे. पण या प्रवासातून माझ्याजवळ उरलंय ते वेगळंच.

फेब्रुवारीत शैलजाचा निरोप आला. विषाणू तोच. मी दोनदा फोन हातात घेऊन ठेवला, मग लावला. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते वाट बघतच होते. दुसऱ्या दिवशी वैनींकडून कळलं, की त्यांनी मागच्या अंगणात एकेक कुंडी उपडी करून सगळी झाडं जाळली, बरी दिसणारीही, आणि चाकूसुद्धा त्याच आगीत टाकला. पण फोनवर यातलं काही ते बोलले नव्हते.

फोनवर त्यांनी एकच विचारलं.

"वंदे, मग ती तीन वर्षं आजारी होती म्हण की."

"हो, अण्णा."

"आन् मी तिला देखणी म्हणायलो."