भावाला लावलेला डावा कौल

मी चौथीत तीनदा बसलो. मास्तर कंटाळले, मी नाय. मग बापसाने देवळात उभा केला, कारण कौल लावायला अक्षर लागत नाय. देवाच्या दगडाला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि गप उभं राहायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाय. दगडासारखं उभं राहणं मला लहानपणापासून जमायचं.

वीसेक वर्षांमागची गोष्ट. धाकट्या भावाला बोटीवर खलाशाची नोकरी लागली. आवस म्हणाली, "देवाला विचारल्याबिगर उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाय." कौल लावणार मीच. तो गेला तर आंब्याच्या कलमांची फवारणी, शिंपणं, आजारी बापूस, सगळं माझ्या बोडक्यावर. मी जातीचा आळशी. उजवी पाकळी चांगली भिजवून अंगठ्याने दाबली, डावी नुसती टेकवली.

डावी पडली. भावाने हात जोडले, घरी जाऊन बॅग सोडली, कपडे परत दांडीवर टाकले.

तेव्हापासून तो कलमांच्या मागे. संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर बसून बोटी बघतो. मी बाजूला बसून काय तरी पाचकळ बोलतो. तो हसतो. हसला की मला जास्त लागतं.

परवा आला. त्याच्या मुलीला मुंबईला नर्सिंगसाठी प्रवेश मिळालाय. "दादा, कौल लाव."

सांगून टाकलं सगळं. पाकळी, पाणी, अंगठा. म्हटलं आता कानाखाली बसणार, तंबाखूने ठेवलेत ते चार दातही जाणार. जाऊ देत.

तो म्हणाला, "डावी पडायचीच असेल."

"अरे मेल्या, मी पाडली!"

"तुला ती बुद्धी कुणी दिली?"

"माझ्या आळसाने."

"आणि आळस कुणी दिला?"

यापुढचं चौथीत शिकवत नसावेत. सगळं आधीच ठरलेलं असेल तर माझा अंगठाही ठरलेला, मग मला वीस वर्षं झोप का नाय? आणि ठरलेलं नसेल तर भावाचा समुद्र मी खाल्ला. यातलं खरं कुठलं ते कळायला ती सकाळ परत आणायला हवी, दोन्ही पाकळ्या सारख्या भिजवून बघायला हवं. ती काय परत येत नाय. देवाला विचारावं, तर मध्ये परत माझाच अंगठा.

म्हटलं, "कौल नको. पाठव पोरीला."

"लाव," तो म्हणाला. "या वेळी दोन्ही सारख्या भिजव."

एवढंच बोलला. कानाखाली दिली असती तर बरं झालं असतं.

देवळात वाटीत पाणी घेतलं. मला आतून वाटत होतं, उजवी पडू दे. म्हणजे अंगठा परत लबाडीवर आलेला. सारखं म्हणजे किती, तेच कळेना. वर बघितलं तर भाऊ हात जोडून उभा होता, पण देवाकडे बघत नव्हता. माझ्या अंगठ्याकडे बघत होता.