साधूची टोपी

सांगलीहून अमेरिकेला निघाले त्या सकाळी आईनं माझ्या पर्समध्ये एक काडेपेटी कोंबली. आत गोकर्णाच्या बिया होत्या. "गेल्या गेल्या लाव. आपल्या देवाला निळं फूल लागतं," ती म्हणाली. बाबा टॅक्सीवाल्याला रस्ता सांगत होते आणि आई माझ्याकडे न बघता गाडीच्या काचेवरची धूळ पदरानं पुसत राहिली. दोन हजार एक साल होतं. मला रडू येत नव्हतं आणि त्याचाच मला राग येत होता.

शिकागोच्या विमानतळावर फॉर्ममध्ये विचारलं होतं, बिया वगैरे आहेत का? मी पक्की घाबरट, 'येस'वर खूण केली. ऑफिसरनं काडेपेटी उघडून पाहिली आणि कचऱ्याच्या बिनमध्ये टाकून दिली. पहिल्याच फोनवर आईनं विचारलं, "लावल्यास का गं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हो, लावल्या."

मग काय, उगवल्या म्हणावं लागलं. वेल चढला, कळ्या आल्या, देवाला रोज पाच फुलं निघतात, सगळं म्हणून झालं. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या घराबाहेर ड्राइव्हवेवर गुडघाभर बर्फ, आणि मी फोनवर गोकर्ण फुलवतेय! तुम्ही तिकडे राहिलेले आमचं सगळं खरं धरता, त्यात तुमचा काही दोष नाही. आणि माझ्यासारखे जे इकडे आलात, त्यांनी छातीवर हात ठेवून सांगावं, तुम्ही असं काहीबाही सांगत नाही?

पाच वर्षांनी आईला व्हिसा मिळाला. सप्टेंबरचं तिकीट काढलं. आता निळं फूल आणायचं कुठून?

उन्हाळाभर मी नर्सऱ्या पालथ्या घातल्या. कॅटलॉगमधला 'ब्लू' म्हणजे निम्म्या वेळा वांगी रंग असतो, हे मला तेव्हा कळलं. हायड्रेंजिया निळा म्हणून आणला, तर आमच्या मातीत तो गुलाबी झाला. डेल्फिनियम सुंदर, पण जुलैतच आटोपला. शेवटी एका नर्सरीत मागच्या सावलीत कळ्यांनी भरलेलं एक उंच झाड दिसलं. लेबलवरच्या फोटोत गोकर्णाइतकी गर्द निळी फुलं, प्रत्येकावर टोपडं घातल्यासारखी वळलेली पाकळी. फुलायची वेळ सप्टेंबर. नाव होतं मंक्सहूड. मंक म्हणजे साधू, हूड म्हणजे टोपी. साधूची टोपी! मला इतका आनंद झाला की खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते मी वाचलंच नाही. काउंटरवरची बाई म्हणाली, "याला ग्लोव्हज घालून हात लाव हं, हनी." मी मनात हसले. या लोकांना मातीला हात लावायलाही ग्लोव्हज लागतात!

लेबल गॅरेजच्या फळीवर पडून राहिलं. त्या उन्हाळ्यात सशांनी माझा घेवडा खाल्ला, झेंडू खाल्ला, कोवळा पालक तर मुळासकट नेला. या झाडाला मात्र एकानंही तोंड लावलं नाही. मी नवऱ्याला म्हटलं, "बघ, साधूचा मान ठेवतायत."

आई आली आणि दुसऱ्याच सकाळी बागेत गेली. "हा गोकर्ण नव्हे," ती म्हणाली. माझी मान खाली गेली. मी घाईघाईनं म्हटलं, "वेल थंडीनं गेला गं. याला इथे साधूची टोपी म्हणतात." आणखी एक खोटं. तिचा चेहरा एकदम उजळला. "अगं बाई! मग हे देवाचंच की." तिनं परडीभर फुलं खुडली, देठ नखानं तोडत तोडत.

आत येऊन तिनं देव ताम्हनात घेतले. चार वर्षांची माझी सई शेजारी मांडी घालून बसली. देवांना स्नान घालून झाल्यावर त्या पाण्याच्या तीर्थात एक निळं फूल सोडायचं, ही आईची जुनी पद्धत. लहानपणी ते फूल पळीत आलं की मी खूश व्हायचे.

"बोटांना मुंग्या आल्यात गं," आई हात चोळत म्हणाली. "बधिर झाल्यासारखी वाटतात. तुमची थंडी बाई भलतीच!"

थंडी नव्हतीच. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. मला ते ससे आठवले, मग ग्लोव्हज आठवले. मी गॅरेजमध्ये गेले, लेबल उचललं आणि खिडकीपाशी धरलं. मुळापासून फुलापर्यंत सगळं झाड विषारी. पोटात जाऊ देऊ नये. मुलांपासून दूर ठेवावं.

मी कशी धावले ते मला आठवत नाही. सईचा तळहात ओठांपर्यंत पोचला होता. मी तो असा फटकारला की पाणी भिंतीवर उडालं. "मम्मा! व्हॉट डिड आय डू?" ती किंचाळून रडायला लागली. पळी आईच्या हातात तशीच होती. सगळ्यांना देऊन झाल्यावरच ती स्वतः तीर्थ घेते, म्हणून तीही वाचली. मी दोघींचे हात साबणानं पुन्हा पुन्हा धुतले. आईची बोटं संध्याकाळपर्यंत बधिर होती आणि मी दर दहा मिनिटांनी ती दाबून विचारत होते, "कळतंय का? आता कळतंय?"

तेव्हाच मी तिला काडेपेटीचं खरं सांगितलं. मला वाटलं, रागावेल. तिनं माझ्या हातातून आपली बोटं सोडवून घेतली. मग म्हणाली, "एवढंच होतं, तर तेव्हाच सांगायचंस. मी काय देवाला फुलाऐवजी अक्षता वाहिल्या नसत्या?" मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. निघताना जे आलं नव्हतं, ते रडू पाच वर्षांनी आलं.

ते झाड आम्ही खणून काढलं. आई परत गेली. आता शनिवारी सकाळी माझा फोन जातो तेव्हा तिची संध्याकाळ असते. नवीन रोप आणलं की मी तिला लेबल वाचून दाखवते आणि ती म्हणते, "बारीक अक्षरातलं आधी वाच." घर कुठलं म्हणून कोणी विचारलं, तर मला हल्ली सांगली आठवत नाही की नेपरव्हिल. फोनवरचा तिचा तो आवाज आठवतो.

या एप्रिलमध्ये बर्फ वितळला आणि कुंपणाजवळ, त्याच कोपऱ्यात, मला दोन कातरलेली हिरवी पानं दिसली. मुळाचा एखादा तुकडा खाली राहिला असणार. सई अंगणात चेंडू खेळत होती. तिला आत बोलावून मी फोन लावला.

"काय उगवलंय?" आईनं नेहमीसारखं विचारलं.

काही नाही, असं म्हणायला जीभ वळली होती. मी म्हटलं, "आई, ते परत आलंय."

पलीकडे तिनं टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "हातमोजे घाल. मी आहे फोनवर."